दीड-दोन वर्षांच्या मुलासह हिवाळ्यात व्हिएन्ना आणि बुडापेस्ट : कमी खर्चाच्या सहलीचे सविस्तर नियोजन

तान्ह्या मुलाला घेऊन युरोपला जाऊ नये आणि हिवाळ्यात तर मुळीच जाऊ नये, असे घरातली वडीलधारी मंडळी हमखास सांगतात. त्यांची काळजी रास्त आहे, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर दहा दिवसांत सहा देश दाखवणारी, पहाटे बॅगा बाहेर ठेवायला लावणारी बससहल असते, आणि तशी सहल लहान मुलाला खरोखरच सोसणार नाही. हा लेख वेगळ्या सहलीविषयी आहे. त्यात शहरे दोनच आहेत आणि मुक्काम दहा रात्रींचा आहे : सहा रात्री ऑस्ट्रियातील व्हिएन्ना, चार रात्री हंगेरीतील बुडापेस्ट. मुलाला हवी असलेली संथ दिनचर्या आणि आपल्या खिशाला हवी असलेली काटकसर एकाच दिशेने जातात, हे या नियोजनाचे मूळ सूत्र आहे. शहरे कमी केली की प्रवासभाडे कमी होते, मुक्काम लांबला की स्वयंपाकघर असलेले घर परवडते, आणि घरी शिजवलेला मऊ भात मिळाला की मूलही शांत राहते.

हीच दोन शहरे का, याची कारणे व्यावहारिक आहेत. दोन्हीकडे सहा वर्षांखालील मुलांना शहरातील सार्वजनिक वाहतूक मोफत आहे. व्हिएन्नातील भुयारी रेल्वेच्या सर्व स्थानकांवर लिफ्ट आहे. नळाचे पाणी निर्धास्त पिता येते. ते आल्प्सच्या झऱ्यांमधून १८७३ आणि १९१० मध्ये पूर्ण झालेल्या दोन जलवाहिन्यांनी शहरात येते, त्यामुळे बाटलीबंद पाण्यावर एक युरोही खर्च होत नाही. दोन शहरांमधला रेल्वेप्रवास सुमारे २ तास ४० मिनिटांचा आहे, म्हणजे मुलाच्या दुपारच्या झोपेत तो बराचसा संपतो.

तारखा आणि मुलाचे वय

सर्वांत मोठी बचत तारखा ठरवतानाच होते. साधारण १५ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात विमानभाडे आणि घरभाडे दोन्ही चढलेले असतात. शिवाय ऑस्ट्रियात २४ डिसेंबरला दुपारपासून दुकाने बंद होतात, २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी आणि ६ जानेवारी या सार्वजनिक सुट्ट्या असतात, आणि बंद शहरात दूध-डायपर शोधत फिरणे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. म्हणून १० जानेवारीनंतरचा पंधरवडा माझ्या मते सर्वोत्तम आहे. नाताळचे बाजार पाहायचेच असतील तर नोव्हेंबरचा शेवटचा आणि डिसेंबरचा पहिला आठवडा निवडावा. व्हिएन्नातील मोठे बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासूनच सुरू झालेले असतात आणि तेव्हा भाडे अजून उसळलेले नसते.

दिवस लहान असतो, हे मात्र आधीच मनात पक्के करावे. डिसेंबरच्या उत्तरार्धात व्हिएन्नात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. जानेवारीअखेर मावळतीची वेळ पावणेपाचच्या आसपास सरकते. तापमान शून्याच्या थोडे वर-खाली राहते.

विमान कंपन्या मुलाचे वय प्रवासाच्या दिवशी मोजतात. दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मांडीवर बसणाऱ्या मुलाचे भाडे आंतरराष्ट्रीय मार्गांवर बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. दुसरा वाढदिवस झाला की स्वतंत्र आसन घ्यावे लागते. वाढदिवस सहलीच्या मध्ये येत असेल तर परतीच्या प्रवासासाठी आसन लागतेच, म्हणून शक्य असल्यास वाढदिवसाच्या आधी परतण्याचा बेत करावा.

कागदपत्रे

मुलाचा पासपोर्ट हे पहिले काम आहे आणि ते सहलीच्या पाच-सहा महिने आधी सुरू करावे. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव नोंदलेले हवे. आपल्याकडे पुष्कळ दाखले नाव घालण्याआधीच काढलेले असतात आणि दुरुस्तीसाठी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेळ जातो. चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फोटो पासपोर्ट सेवा केंद्रात सोबत न्यावा लागतो.

ऑस्ट्रिया आणि हंगेरीसह युरोपातील बहुतेक देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णय सामान्यतः १५ दिवसांत येतो, पण अधिक तपासणी लागल्यास ४५ दिवसही लागू शकतात. जिथे सर्वाधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून आपल्या बेतात तो ऑस्ट्रियाकडे जातो. जून २०२४ पासून मोठ्यांचे शुल्क ९० युरो आहे. सहा वर्षांखालील मुलाला व्हिसाशुल्क नाही, मात्र व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलासोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र आवश्यक असते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा असावा लागतो. पण केवळ व्हिसासाठी पुरेसा आहे म्हणून सर्वांत स्वस्त विमा उचलू नये, कारण लहान मुलाला बहुधा रुग्णालयात भरती करावे लागत नाही, साध्या तपासणीसाठी दाखवावे लागते. तो बाह्यरुग्ण खर्च पॉलिसीत आहे का, हे वाचून पाहावे.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे कोणतेही आरक्षण करू नये. घरे रद्द करता येतील अशी निवडावीत, आणि विमानाचे तिकीट आधी काढायचेच असेल तर रद्द करण्याचा आकार किती, हे पाहून काढावे.

विमान

मुंबईहून एका थांब्याने व्हिएन्नाला पोहोचता येते. आखातातील मोठ्या कंपन्या व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोन्हीकडे जातात, त्यामुळे जाताना व्हिएन्ना आणि येताना बुडापेस्ट असे एकत्रित तिकीट काढावे. त्याचे भाडे साध्या परतीच्या तिकिटाइतकेच असू शकते आणि व्हिएन्नाला परत येण्याचा खर्च व एक दिवस वाचतो. दोन स्वतंत्र एकेरी तिकिटांपेक्षा हा पर्याय बहुधा स्वस्त पडतो.

बाळासाठी भिंतीला अडकवायचा पाळणा मागवता येतो, पण त्याची वजनमर्यादा साधारण १० ते ११ किलो असते आणि दीड वर्षाचे अंगाने भरलेले मूल त्यात मावेलच असे नाही. तरीही पहिल्या रांगेतील ती जागा मागावी, कारण पायापुढे मोकळी जागा मिळते. मध्ये तीन-चार तासांचा थांबा असलेले विमान दीड तासाच्या थांब्यापेक्षा बरे. मुलाला चालता येते, डायपर बदलता येतो आणि पुढचे विमान चुकण्याची धास्ती नसते. बाळाचे दूध आणि अन्न यांना १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नसते. सुरक्षा तपासणीत ते वेगळे काढून दाखवावे लागते इतकेच.

सोबत न्यायचे अन्न आणि सीमाशुल्काचा नियम

या मुद्द्यावर आपल्याकडच्या कुटुंबांची सर्वाधिक गफलत होते, म्हणून तो तपशिलाने मांडत आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. आजीने प्रेमाने कढवून दिलेले साजूक तूप, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या हे सगळे त्यात मोडते. अपवाद आहे तो तान्ह्या मुलांच्या दूधपावडरीचा आणि शिशुआहाराचा : उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावा न लागणारा, कंपनीच्या बंद वेष्टनातील असा आहार प्रत्येक प्रवाशामागे एकूण दोन किलोंपर्यंत नेता येतो. ताजी फळे आणि भाज्या यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, खजूर, अननस आणि दुरियन यांना ते लागत नाही, त्यामुळे विमानातून उरलेले केळे घेऊन उतरायला हरकत नाही.

तांदूळ, मुगाची डाळ, खिमटासाठी भाजून दळलेली डाळ-तांदळाची भरड, नाचणीसत्त्व, मेतकूट, दूध न घालता केलेली खाकरा-थेपल्यांची चवड आणि छोट्या डब्यात हिंग-हळद-जिरे एवढे नेले तरी दहा दिवस निभावतात. तुपाची अडचण सहज सुटते. तिथले बिनमिठाचे लोणी उत्तम असते. २५० ग्रॅमची वडी मंद आचेवर कढवली की मुलापुरते तूप पहिल्याच संध्याकाळी तयार होते. दही सर्वत्र मिळते. डायपर मात्र इथून ओझ्याने नेऊ नयेत. प्रवास आणि पहिले दोन दिवस पुरतील इतकेच घ्यावेत. डीएम या औषधी-प्रसाधन दुकानांच्या शाखा दोन्ही शहरांत जागोजागी आहेत आणि त्यांचे स्वतःचे डायपर स्वस्त व चांगले असतात.

कपडे

जाड जाकीट विकत घेतले की काम झाले, असे समजू नये. व्हिएन्नात बाहेर शून्य अंश आणि ट्राममध्ये, दुकानात, संग्रहालयात बावीस अंश असतात, आणि दिवसातून आठ-दहा वेळा ही ये-जा होते. घामेजलेले मूल बाहेरच्या वाऱ्यात गारठते. म्हणून थर हवेत आणि ते झटकन काढता येण्याजोगे हवेत. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल असावे, सुती नको, कारण सूत घाम धरून ठेवते. त्यावर फ्लीस, आणि सर्वांत बाहेर पाणी न झिरपणारा, मानेपासून घोट्यापर्यंत एकच झिप असलेला अंगरखा. हा एकसंध अंगरखा लाखमोलाचा आहे : मूल बर्फात बसले तरी पाठ उघडी पडत नाही, आणि ट्राममध्ये शिरताच एका ओढीत तो कमरेपर्यंत उतरवता येतो.

आपल्याकडची माकडटोपी या कामाला उत्तम. लहान मुलाला लांब मफलर गुंडाळू नये, तो अडकण्याचा धोका असतो. गळ्यात घालायची लोकरी पट्टी वापरावी. हातमोज्यांना दोरी लावून ती बाह्यांमधून ओवून घ्यावी, नाहीतर दुसऱ्याच दिवशी एक मोजा हरवतो. मुलाला थंडी वाजते आहे का, हे हात लावून पाहताना बोटांना किंवा नाकाला लावू नये, ती गारच असतात. मानेमागे हात घालावा : उबदार आणि कोरडे असेल तर ठीक, दमट असेल तर एक थर कमी करावा. बाबागाडीत बसलेले मूल हालचाल करत नाही, त्यामुळे त्याला चालणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा एक थर अधिक लागतो.

सगळे नवे घेण्याची गरज नाही. नात्यातल्या, ओळखीच्या घरांतून थंड देशात जाऊन आलेले कपडे मागून घ्यावेत. दोन वर्षांच्या मुलाचे हिवाळी कपडे एका हंगामापलीकडे कुणालाच लागत नाहीत. उरलेले पुण्या-मुंबईतल्या डिकॅथलॉनमध्ये मिळते. जानेवारीत व्हिएन्नात हिवाळी कपड्यांचे सेलही लागतात, पण उतरल्या क्षणी अंगावर घालायचा एक पूर्ण संच इथूनच न्यावा.

घर शोधताना

स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि लिफ्ट या तीन गोष्टींवर तडजोड करू नये. धुलाई यंत्र असले की सामान निम्म्यावर येते. व्हिएन्नातील जुन्या इमारतींत तळमजल्यावर अर्धा मजला, त्यावर मेझानिन नावाचा मधला मजला आणि मग पहिला मजला अशी गणती असू शकते, म्हणजे जाहिरातीतला ‘दुसरा मजला’ प्रत्यक्षात आपला चौथा निघतो. शिवाय लिफ्ट असूनही ती इमारतीच्या दारातून चार-सहा पायऱ्या चढल्यावर सुरू होते. झोपलेले मूल, बाबागाडी आणि किराणा मालाच्या पिशव्या घेऊन त्या पायऱ्यांशी उभे राहण्याआधी घरमालकाला स्पष्ट विचारावे : रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत?

व्हिएन्नात मध्यवर्ती पहिल्या जिल्ह्यात राहण्याची आवश्यकता नाही. तिसरा जिल्हा लांडश्ट्रासे, दुसरा लेओपोल्डश्टाट किंवा मुख्य रेल्वे स्थानकाजवळचा भाग चालतो. हिवाळ्यात एका रात्रीला ८० ते ११० युरोंत घर मिळावे, असे धरून शोध सुरू करावा. बुडापेस्टमध्ये ५५ ते ८० युरो धरावेत. तिथला सातवा जिल्हा रात्रभर जागा असतो, मद्यालयांच्या गोंगाटात मूल झोपणार नाही. त्याऐवजी तेराव्या जिल्ह्यातील उयलिपोतवारोश हा शांत निवासी भाग पाहावा. तिथे डॅन्यूबकाठी सेंट इश्तवान उद्यान आहे आणि मार्गारेट बेटाचा पूल जवळ आहे.

ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात. मोठ्या स्थानकांतील काही दुकाने उघडी असतात, पण तिथे गर्दी असते. म्हणून शनिवारी रात्री उतरण्याचा बेत टाळावा.

दिवसाची आखणी

हिवाळ्यात व्हिएन्ना भारतापेक्षा साडेचार तास मागे असते. घरी रात्री नऊला झोपणाऱ्या मुलाला तिथे दुपारी साडेचारलाच झोप येऊ लागते आणि पहाटे तीन-चारला जाग येते. पुष्कळ पालक हे वेळापत्रक पहिल्याच दिवशी बदलू पाहतात आणि थकतात. माझे म्हणणे असे की ते पूर्ण बदलूच नये. झोप साडेसहा-सातपर्यंत लांबवावी आणि तिथेच थांबावे. मूल पाचला उठेल, न्याहारी आणि आंघोळ उरकेल, आणि उजाडल्यावर लगेच घराबाहेर पडता येईल. चारला अंधार पडणाऱ्या शहरात हे घड्याळ सोयीचेच आहे.

सकाळी नऊ ते बारा एकच ठिकाण, बाराला गरम जेवण, दुपारची झोप बाबागाडीत किंवा घरी, आणि नंतर घराजवळच्या बागेत किंवा किराणा दुकानात फेरी. एवढाच दिवस असावा.

व्हिएन्नातील राष्ट्रीय संग्रहालयांत १९ वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत आहे, त्यामुळे तिकीट फक्त मोठ्यांचे लागते. निसर्गविज्ञान संग्रहालयातील डायनोसॉरचे दालन दोन वर्षांच्या मुलालाही खिळवून ठेवते. ते मंगळवारी बंद असते. तांत्रिक संग्रहालयात लहानग्यांसाठी खेळण्याचा खास विभाग आहे. १७५२ मध्ये स्थापन झालेले श्योनब्रुन प्राणिसंग्रहालय हिवाळ्यातही उघडे असते, तिथे सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, आणि गारठा वाढला की वर्षावनाच्या उबदार काचगृहात शिरता येते. राजवाड्याच्या अंतर्भागाचे महागडे तिकीट या सहलीत सोडून द्यावे, कारण बागा मोफत आहेत. बुर्गगार्टनमधील फुलपाखरांचे काचगृह लहान आहे, पण बाहेर बर्फ भुरभुरत असताना आत उडणारी निळी फुलपाखरे पाहून मुले हरखून जातात.

बुडापेस्टमध्ये ४ आणि ६ क्रमांकाच्या ट्राम खालच्या तळाच्या असल्याने बाबागाडी सरळ आत जाते. २ क्रमांकाची ट्राम डॅन्यूबकाठाने संसद भवनाजवळून जाते आणि कोणत्याही बोटसफरीइतके सुंदर दृश्य शहराच्या साध्या तिकिटात दाखवते. तिला पायऱ्या असतात, म्हणून गाडी दुमडून मुलाला कडेवर घ्यावे. १८९६ मध्ये सुरू झालेली एम-१ ही मेट्रो पाहण्यासारखी आहे, पण तिथे लिफ्ट नाही. नव्या एम-४ मार्गावर आहे. गरम पाण्याची स्नानगृहे प्रसिद्ध असली तरी तान्ह्या मुलांसाठी ती योग्य नाहीत आणि अनेक ठिकाणी वयोमर्यादा आहे. जायचेच असेल तर आई-वडिलांनी आळीपाळीने जावे.

बाबागाडीविषयी एक सूचना. बर्फाळ दिवसांत व्हिएन्नाच्या पदपथांवर खडी पसरतात आणि अगदी लहान चाकांत ती अडकते. मध्यम चाकांची, दुमडणारी गाडी, तिच्यावर पावसाचे प्लास्टिक आणि पायांसाठी उबदार पिशवी, शिवाय पायऱ्यांच्या जागी पोटाशी बांधायची झोळी, असा जोड असावा.

जेवण

बाहेर जेवायचे तर दुपारी. दोन्ही शहरांत कामाच्या दिवशी ‘आजची थाळी’ मिळते. व्हिएन्नात तिला मिटाग्समेन्यू आणि बुडापेस्टमध्ये नापी मेन्यू म्हणतात, आणि तेच उपाहारगृह रात्री बरेच महाग पडते. शाकाहारी कुटुंबांनी सूपविषयी आवर्जून विचारावे, कारण भाजीच्या सूपातही मांसाचा अर्क असू शकतो. बुडापेस्टमधील फोझेलेक, म्हणजे वाटाणा, बटाटा, पालक किंवा दुधीसारख्या भोपळ्याची दाटसर भाजी, लहान मुलांना फार रुचते. वर मांस न घालता मागावी. रात्री घरी वरण-भात करावा.

प्रकृती

निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना भेटून फ्लूची लस, राहिलेल्या लसी आणि वजनानुसार तापाच्या औषधाची मात्रा लिहून घ्यावी. औषधांसोबत चिठ्ठी ठेवावी. घरातील हीटरमुळे हवा कोरडी होते आणि नाक चोंदते. मिठाच्या पाण्याचे थेंब, रात्री हीटरवर ओला टॉवेल आणि गालांवर व्हॅसलीन एवढ्याने बरेचसे भागते. आपत्कालीन क्रमांक ११२ दोन्ही देशांत चालतो. ऑस्ट्रियात १४५० या क्रमांकावर परिचारिका आरोग्यविषयक सल्ला देतात.

खर्चाचा अंदाज

दोन मोठे आणि दोन वर्षांखालील एक मूल यांच्यासाठी, १ युरो १०५ रुपये धरून, मी असा हिशेब मांडतो. विमान १ लाख ३० हजार. व्हिसा, सेवाशुल्क आणि विमा २७ हजार. दहा रात्रींचे घर ८४ हजार. जेवण आणि किराणा ४६ हजार. शहरांतील पास आणि रेल्वे २१ हजार. प्रवेशशुल्क १३ हजार. कपडे १५ हजार. बेरीज ३ लाख ३६ हजार होते. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी ठेवावेत. दर आरक्षणाच्या दिवशी बदलतील, पण प्रमाण साधारण हेच राहते, आणि त्यातून दिसते की विमान आणि घर मिळून जवळपास दोन तृतीयांश खर्च ठरतो. म्हणून काटकसरीचे कष्ट तिथे घ्यावेत, मुलाच्या गरम दुधाच्या पेल्यावर नव्हे.

पैसे देताना कार्डयंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले तर नेहमी स्थानिक चलन निवडावे. हंगेरीत फोरिंट चालते, ते बँकेच्या एटीएममधून थोडेच काढावे.

शहरांतर आणि परतीचा दिवस

व्हिएन्ना विमानतळावरून शहरात यायला एस-७ ही साधी लोकल सुमारे २५ मिनिटे घेते. विनाथांबा विशेष गाडी १६ मिनिटांत येते, पण नऊ मिनिटांसाठी तिचे कितीतरी पट भाडे देण्यात अर्थ नाही. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर असल्याने शहराच्या पासाला जोडून वेगळे तिकीट लागते. बुडापेस्टची रेल्वे ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावर आधी घेतल्यास स्वस्त मिळते. रेलजेट या जलद गाड्यांत मुलांच्या छोट्या चित्रपटगृहासह कुटुंबांसाठी विभाग असतो, तिथली आसने राखून ठेवावीत.

परतताना देआक फेरेंत्स चौकातून १०० ई ही बस थेट विमानतळावर जाते. तिला शहराचा पास चालत नाही, खास तिकीट लागते. युरोपात येताना-जाताना प्रवाशांची संगणकीय नोंद करणाऱ्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीमुळे पासपोर्ट तपासणीला रांग लागू शकते, म्हणून विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे आणि आदल्या रात्रीच मुलाचा मऊ भात थर्मासात भरण्याची तयारी करून ठेवावी.